थोरलीच्या खरेपणाची चौकशी

शहरातल्या माणसांच्या चांगुलपणाची जबाबदारी ज्या कचेरीवर होती, ती तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच होती. सद्वर्तनाचे दाखले तिथून निघत. अर्जदार सचोटीचा आहे की नाही हे तिथे ठरे, आणि बहुधा ते अर्जावरचा फोटो सरळ चिकटवला आहे की नाही यावरून ठरे. तिथले हेडक्लार्क अत्यंत सज्जन गृहस्थ. उभ्या आयुष्यात त्यांचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं. कारण समोरचा काय म्हणणार याचा अंदाज घेऊन ते आधीच 'बरोबर' म्हणून टाकत.

अशा माणसावर त्या सोमवारी प्रसंग गुदरला. आदल्या संध्याकाळी टीव्हीवरच्या एका गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग झाला होता. त्यात अंथरुणाला खिळलेली सासू थोरल्या सुनेचा हात धरून विचारते, "पोरगी घरातून पळाली, तेव्हा दाराची कडी तूच काढली होतीस ना?" थोरली म्हणते, "नाही, आई." मग तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलतो आणि पडदा काळा होतो. संपलं! सगळं शहर त्या ओठाच्या कोपऱ्यात अडकून पडलं.

हेडक्लार्कांनी यातलं काहीही पाहिलं नव्हतं. पहिल्या जाहिरातीलाच त्यांचा डोळा लागला होता. पण जे सगळ्यांनी पाहिलं ते आपण पाहिलं नाही, असं म्हणायला जी छाती लागते ती त्यांना नव्हती.

"काय हो, थोरली खरं बोलली ना?" बायकोनं सकाळी चहा पुढे ठेवत विचारलं.

"अगदी खरं."

"खरं? अहो, धडधडीत खोटं! ओठ नाही का बघितलात तिचा? इतकी वर्षं संसार केलात आणि बाईमाणसाचं खोटं ओळखता येत नाही तुम्हाला?" मग ती जराशी थांबली आणि समाधानानं म्हणाली, "असो. माझं निभावलं त्यामुळे."

हेडक्लार्क शहाणे होऊन कचेरीत गेले आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाले, "खोटं बोलली हो थोरली!" टायपिस्टबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थोरलीला त्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानत. सख्ख्या बहिणीशी त्यांचं बोलणं नव्हतं. हेडक्लार्क लगेच म्हणाले, "म्हणजे खोटं बोलली असं लोक म्हणतात. मला विचाराल तर खरंच." नेमके तेव्हाच साहेब केबिनच्या दारात उभे होते. साहेब खोट्याच्या बाजूचे.

तासाभरात कचेरीची फाळणी झाली. खऱ्याच्या टेबलावरची फाइल खोट्याचं टेबल घेईना. पंखा कुणाकडे फिरवायचा यावरून हातघाईची वेळ आली.

"हेडक्लार्क, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" साहेबांनी दरडावलं.

"मी... वस्तुस्थितीच्या बाजूचा, साहेब."

"उत्तम! मग तुम्हीच चौकशी अधिकारी."

लगोलग आदेश निघाला: 'थोरली (यापुढे "सदर सून") हिच्या विधानाच्या सत्यासत्यतेची सखोल चौकशी करण्यात यावी. तोवर जिवंत अर्जदारांचे काम स्थगित ठेवण्यात यावे.'

खिडकीशी एक बाई कचेरी उघडल्यापासून उभी होती. पाळणाघरात तिला काम लागत होतं. आज दाखला दिला तर तिचं, नाहीतर दुसरीचं. "साहेब, माझं बघता का जरा?" तिनं आत डोकावून विचारलं.

"चौकशी चालू आहे, बाई," हेडक्लार्क म्हणाले.

"माझी?"

"नाही, थोरलीची."

"काय केलं तिनं?"

"तेच तर बघतोय."

इतक्यात साहेबांना वाटलं, चौकशीला एखादा त्रयस्थ साक्षीदार हवा. त्यांनी बाईला आत बोलावलं, बसायला मात्र सांगितलं नाही. "बाई, न घाबरता सांगा. थोरली खरं बोलली का?"

"मला नाही माहीत, साहेब. मी पाहिली नाही."

"शेवटचा भाग?"

"मालिकाच. संध्याकाळी मी लोकांची धुणीभांडी करते."

"अख्खं शहर बघतं आणि हिनं बघितली नाही म्हणे!" टायपिस्टबाई कुजबुजल्या.

"काहीतरी लपवतेय," साहेब म्हणाले. सकाळपासून दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. "हेडक्लार्क, तुम्हाला काय वाटतं? बाई खरं बोलताहेत?"

मालिका न पाहताही माणूस जगू शकतो, याचा सज्जड पुरावा त्या खोलीत एकाच माणसाजवळ होता. तो पुरावा स्वतःच्या खुर्चीत अंग चोरून बसला. बाई त्यांच्याकडे बघत होती. विनवणीनं नव्हे, हा माणूस आता 'हो' म्हणणार अशा साध्या खात्रीनं. हेडक्लार्कांनी अर्ज पुढे ओढला.

"अवघड आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी अर्जावर शेरा मारला: 'अर्जदाराच्या सचोटीबाबत शंका. फेरचौकशी व्हावी.'

बाईनं तो शेरा वाचला. "म्हणजे पाहिली असं म्हटलं असतं, तर मिळाला असता?"

प्रश्न विचारायचा अधिकार चौकशी अधिकाऱ्याचा असल्यामुळे कुणीच उत्तर दिलं नाही. बाई पिशवी उचलून जिना उतरली. पाळणाघरातलं काम दुसरीला मिळालं.

हेडक्लार्कांचा अहवाल मात्र गाजला: 'सदर सून खरेही बोलली व खोटेही, आणि त्यात कोणतीही विसंगती आढळत नाही.' दोन्ही बाजू खूश झाल्या, पंखा मधोमध फिरू लागला. पण घरी हेडक्लार्कांनी ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं. शेवटी त्यांनी धीर केला. "अगं, मी तो भाग पाहिलाच नव्हता. झोपलो होतो."

बायको खो खो हसली. "जमत नाही तुम्हाला खोटं बोलायला, तर कशाला बोलता?"

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. त्या बाईचं पुढे काय झालं, हे अजून कुणी विचारलं नाही. शेवटापर्यंत सगळे मन लावून ऐकतात, हळहळतात, आणि मग तुम्ही आत्ता जे विचारणार आहात तेच विचारतात: "पण कडी कुणी काढली होती?"