दामल्याचं विमान

घरी आलेल्या माणसाला आपण बसा म्हणतो, पाणी देतो. विश्वास दामले आधी वजन विचारतो. "कपड्यांसकट सांग. शूज धरून." गेल्या गणपतीत आमच्या बर्मिंगहॅमच्या मंडळात त्याने हाच प्रश्न कुलकर्णीवहिनींना विचारला. तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलत नाहीत. छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं आणि सवय मोडून चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

विश्वास माझा कॉलेजपासूनचा मित्र. जन्मभर बँकेच्या रिस्क खात्यात होता. म्हणजे कोणी काही करायचं ठरवलं की ते का करू नये, हे सांगण्याचा पगार घ्यायचा. "रिस्क आहे" हे त्याचं पालुपद. समोसा गरम असला तरी रिस्क, मोटरवेने जायचं तरी रिस्क. लग्नाचीही त्याने नीट चौकशी केली आणि रिस्क घेतली नाही. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून, घर विकून पायलट व्हायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखव.

तो गेला, आणि विमान चालवायला फिट असल्याचं सर्टिफिकेट घेऊन आला.

मग अभ्यास. कोवळ्या पोरांच्या वर्गात हा एकटा वाचायचा चष्मा लावून. हवामानाच्या पेपरात नापास झाला तेव्हा आठवडाभर फोन उचलला नाही. लायसन्स मिळालं, पण या वयाच्या नवशिक्याला नोकरी देणार कोण? शेवटी एका मोठ्या कंपनीने जेटसाठी मुलाखतीला बोलावलं. सगळं मंडळ देव पाण्यात घालून बसलं. परत येऊन हा एवढंच म्हणाला, "नाही जमलं." आणि स्कॉटलंडच्या बेटांवर जाणाऱ्या एका चिमुकल्या विमानावर रुजू झाला. 'दामल्याला शेवटी एसटीच मिळाली' असा विनोद मंडळात बरेच दिवस फिरला.

मध्यंतरी ग्लासगोला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा मुद्दाम पुढे जाऊन त्याच्या विमानात बसलो. ओळख न दाखवता त्याने माझं वजन विचारलं आणि मला मागे बसवलं. आठ माणसं, टपालाची थैली आणि कोंबड्यांचं खाद्य. कॉकपिटला दारच नाही. मान वळवून यानेच सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितलं. बेटावर उतरल्यावर तो वाऱ्यात दाराशी उभा राहिला. इकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यूऐवजी म्हणतात तसं जो तो त्याला म्हणत होता, "चीअर्स, विश!" एका म्हातारीला हात धरून उतरवताना त्याने तिच्या गुडघ्याची चौकशी केली.

नंतर शेडमध्ये चहा घेताना मी विचारलं, "जेटचं खरंच नाही जमलं?"

"ऑफर होती. मीच नको म्हटलं."

"वेडा आहेस का? आणि आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कारण विचारलं असतंत." त्याने कप खाली ठेवला. "बँकेत शेवटच्या दिवशी सगळ्यांना बाय करायला गेलो. शेजारच्या डेस्कवरची बाई म्हणाली, सॉरी, अँड यू आर? अरे, वर्षानुवर्षं शेजारी बसायचो आम्ही. जेटमध्ये कॉकपिटचं दार बंद असतं रे. लोक उतरून निघून जातात, आपल्याला दिसतसुद्धा नाहीत."

मला फार वाईट वाटलं. बाहेर परतीचे प्रवासी जमले होते. त्यांतल्या कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, आणि चहा अर्धा टाकून विश्वास पळतच गेला.