एकशे अडतीस ग्रॅम

ज्यांच्या घरात भाड्यानं राहतो, त्याच मोठ्या माणसाबद्दल असं काही लिहिणं बरं नाही, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे लिहिण्याची रीतही मला नीट माहीत नाही. चुकलं तर माफ करा. पण 'मूठभर' हा शब्द ऐकून रागानं थरथरणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि ते आमचे इंगोले काका.

काका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. उभा जन्म कापसाच्या गाड्या तोलण्यात गेला. निवृत्तीनंतर तोलायला उरला तो राजापेठेतल्या घरामागच्या दहा बाय बारा फुटांच्या परसबागेचा युरिया. त्यासाठी त्यांनी सोनाराकडचा जुना काटा आणला होता.

त्यांचा हिशेब मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला होता. कपाशीला एकरी एक बॅग, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. एकरात त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट, बाग एकशे वीस चौरस फूट, बॅग पन्नास किलोची. म्हणून बागेला एकशे अडतीस ग्रॅम. खाली दोन रेघा.

शेजारच्या वहिनींनी एकदा गुलाबाला किती खत टाकू, एवढंच विचारलं. काका टेप घेऊन त्यांच्या गॅलरीत गेले आणि कुंडीचं तोंड मोजू लागले. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, मी चमचाभर टाकते. चमचा चहाचा की पोह्याचा, यावरून काकांनी अर्धा तास त्यांना फैलावर घेतलं. वहिनींनी गुलाबच माहेरी पाठवून दिला.

मला या रागाचं हसू यायचं. बाबा आले त्या दिवसापर्यंत.

बाबा गावाहून माझ्यासाठी तुरीची डाळ घेऊन आले होते. काकांच्या सुकलेल्या वांग्यांकडे बघून ते सहज म्हणाले, "भाऊ, दोन-तीन मुठी टाकून द्या, अन् पानी सोडा."

"मूठ कोनाची?" काका ओरडले. "तुमची का माह्या नातवाची? तुमच्यासारख्या अडाण्यायनंच जमिनीचं वाटोळं केलं."

बाबा हसले. चहा प्यायले, काकांना हात जोडले आणि निघाले. ज्या हातांनी खत फेकून त्यांनी माझी फी भरली, ते हात ते स्टँडपर्यंत खिशात घालून चालले. मी बघत होतो.

परत आलो तेव्हा माझे कान तापले होते. मोठ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हणालो, "काका, माझे बाबा अडाणी असतील. पण युरियाची बॅग आता पंचेचाळीस किलोची येते, हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला नाही."

काका दुकानातून किलो-किलो सुटा युरिया आणायचे. अख्खी बॅग त्यांनी निवृत्तीनंतर पाहिलीच नव्हती.

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. पण ते पेन्सिल घेऊन भिंतीपाशी बसले. दोनदा भागाकार केला. दोन्ही वेळा एकशे चोवीस आले.

"एकशे चोवीस," ते हळू म्हणाले. "मंग तिचं बराबर होतं."

काकू अकोल्याला लेकीकडे गेल्या आहेत, नातवाच्या शाळेमुळे, असं आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट त्या दिवशी कळली. चार महिन्यांपूर्वी लेक-जावई आले असताना काकूंनी बागेत टाकायला तीन मुठी युरिया घेतला. काकांनी जावयासमोर त्यांना तो काट्यावर ओतायला लावला. भरला एकशे चोवीस. चौदा ग्रॅम कमी, म्हणून काका जावयासमोरच त्यांना अद्वातद्वा बोलले. संध्याकाळी काकू लेकीच्या गाडीत बसून गेल्या.

"तुह्या फोनवरून लाव," काका म्हणाले. "माहा उचलत नाही ते."

मी लावला. काकू बोलल्या तशी काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. कशी आहेस नाही, ये नाही. फक्त म्हणाले, "माहा हिशेब चुकला होता. तुहा हात बराबर होता."

पलीकडून फोन कट झाला. काकांनी तो मला परत दिला आणि बाबांचा नंबर मागितला. पुढचं बोलणं त्यांनी गच्चीवर जाऊन केलं. काय बोलले, ते बाबांनीही मला सांगितलेलं नाही.

नंतर परीक्षेच्या सुट्टीत मी गावी आलो. पंधरा दिवस काही कळलं नाही. परवा रूमपार्टनरचा फोन आला. काकू आल्या. गाडी दुपारी दीडची होती, काका सकाळी आठपासून स्टँडवर उभे होते. रिक्षातून उतरून आत येताना दोघं कडाकडा भांडत होते, आणि काकूंची पेटी काकांच्या डोक्यावर होती.