कोडं सोडवणाऱ्यांची बालवाडी

किटलीचं बटण टक् करून उडालं आणि लिटल थ्रॅपविकच्या ग्रामसभागृहातली शांतता मोडली. त्या शांततेत गावातले पालक शब्दकोडं सोडवत बसले होते.

बालवाडीत एकच जागा रिकामी होती. समितीने पोक्त विचार करून ठरवलं होतं, की शनिवारच्या पेपरातलं गूढ शब्दकोडं जो पालक सर्वांत आधी पुरं करील, त्याचं मूल घ्यावं. ज्या घरात कोडं सुटतं, तिथे मूल विचार करायला शिकतं. शिवाय अशा कोड्यात सूचना सांगते एक, सुचवते दुसरं आणि उत्तर निघतं तिसरंच. तेव्हा समितीची पत्रकं वाचण्याची पालकांना आयतीच सवय होते.

उत्तरं तपासायची मात्र नव्हती. सभ्य माणसाच्या कोड्यात डोकावणं म्हणजे त्याच्या न्हाणीघरात डोकावणं, असं अध्यक्ष मिस्टर पिम यांचं मत होतं. कोडं झालं की पेपराची घडी काखेत मारायची, हात वर करायचा आणि खिडकीबाहेर बघायचं, एवढाच नियम.

ही जागा हुकली तर टॅम्सिनला ग्रंथालयातली नवीकोरी नोकरी सोडावी लागणार होती. तिने पहिली सूचना सुलटी वाचली, उलटी वाचली, मग नुसतीच बघत बसली. मांडीवर ओर्लाची चुळबूळ चालली होती. शेवटी तिने पेन लेकीच्याच हातात दिलं.

ओर्लाला नावातलं पहिलंच अक्षर येई. जिभेचं टोक बाहेर काढून तिने प्रत्येक चौकटीत एकेक गोल ‘ओ’ बसवला. एकही चौकट उपाशी ठेवली नाही. तिची शाईने माखलेली बोटं टॅम्सिनने हळूच ओठांना लावली, पेपराची घडी काखेत मारली आणि हात वर केला.

“झालं?” शेजारच्या विनिफ्रेडबाई दचकल्या. “अगं, माझंही होतच आलं होतं!”

त्यांचीही घडी काखेत गेली. पाठोपाठ सगळ्यांच्या गेल्या.

“सोपंच होतं आज.”

“सोळावा आडवा शब्द जरा वात्रट होता, नाही?”

“वात्रट, पण रसाळ!”

एवढ्यात खजिनदार फोन हातात घेऊन धावत आले. “अहो, पेपरवाल्यांनी माफी मागितलीय! चौकटी या आठवड्याच्या आणि सूचना गेल्या आठवड्याच्या छापल्यात. कोडं सुटणं अशक्य आहे म्हणे!”

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे भिंत होती.

“अशक्य?” मिस्टर पिम उठले. “आम्हाला न विचारता?”

पेपराची माफी एकमताने फेटाळण्यात आली. गावाच्या बुद्धीचा अवमान केल्याबद्दल संपादकाचा निषेध झाला, आणि बालवाडीची जागा सन्मानपूर्वक ओर्लाला मिळाली. टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या हातात आल्याचं बिस्कीट दिलं.

ओर्लाने बिस्कीट चघळत एकेकाच्या काखेतला घट्ट दाबलेला पेपर निरखला आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“आई, यांना पण फक्त ‘ओ’च येतो?”