नरसय्या मास्तरांची गाळणी

आमच्या शेजारच्या नरसय्या मास्तरांशी बोलायचं तर आधी माइक हातात घ्यावा लागतो. दूधवाला येवो नाहीतर गॅसवाला, मास्तर कानांवर हेडफोन चढवून दारात खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर सर्किटची एक उघडी पट्टी, तिच्यावर बॅटरी आणि झुरळासारखा एक काळा, आठ पायांचा किडा. ‘ऑप-अँप हाय, आवाज वाढवायची चिप. बोला,’ म्हणायचे. आपण बोलत राहायचं, ते स्क्रू पिळत राहायचे, आणि आपलं बोलणं त्यांना कळेनासं झालं की खूश होऊन म्हणायचे, ‘आता जमलं.’

मास्तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. या यंत्राला ते गाळणी म्हणत. ‘जाड आवाज पुढं जाऊ दे, बारीक हितंच थांबू दे,’ हा त्यांचा मंत्र. रेझिस्टर नि कपॅसिटर जेवढे मोठे, तेवढी आवाजाची कात्री खाली येते, म्हणजे बारीक आवाज आणखी कापले जातात, हे त्यांनी मला भाजी घेताना, जिन्यात आणि एका तेराव्यालाही समजावलंय. कपॅसिटर ठेवायचे शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात. जावयानं एकदा त्यातला एक भाकरीबरोबर चावला. ‘गिळला न्हाय ना? लई अवघड मिळतो तो,’ एवढीच मास्तरांची चौकशी.

सोसायटीच्या सभेत तर त्यांनी स्पीकरच गाळणीतून जोडला. सेक्रेटरींचं भाषण घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमलं. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे सगळे ठराव पहिल्यांदाच एकमतानं मंजूर झाले.

पाण्याच्या टँकरचं सांगायला गेलो तेव्हा मात्र मी वैतागलो. माइक खाली ठेवला आणि विचारलं, नीट ऐकू येऊ नये म्हणून एवढी मेहनत कशाला? मास्तरांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले आणि स्वतः माइकमध्ये बोलले. मला ऐकू आलं, ‘ऊ... ईला, अहा दे.’

‘सुशीला, चहा दे म्हणालो,’ हेडफोन काढल्यावर ते म्हणाले. ‘हिला एवढंच ऐकू येतं.’

सुशीलाकाकूंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. त्यात बारीक आवाज कानांतून गेले ते गेलेच, आणि कानाचं मशीन लावायला त्या तयार नाहीत. लक्ष देत नाही म्हणून मास्तर वर्षानुवर्षं त्यांच्यावर खेकसत आले होते. डॉक्टरांनी खरं कारण सांगितल्यावर, हिला नेमकं काय ऐकू येतं ते कळावं म्हणून त्यांनी गाळणी करायला घेतली. मग पुण्याच्या नातीचा फोन त्या गाळणीतून ऐकून पाहिला.

‘काहीच उरलं न्हाय की,’ मास्तर म्हणाले. ‘पोरगी बोलती, ही नुसतं व्हय व्हय म्हनती. आणि मला सांगती, लई गोड बोलली.’

पुढच्या रविवारी मी गेलो तर फोन मास्तरांच्या कानाला होता आणि काकू त्यांच्या तोंडाकडे बघत समोर बसल्या होत्या. मास्तर नातीचं वाक्य ऐकायचे आणि जसंच्या तसं आपल्या जाड आवाजात म्हणायचे.

‘आजी, माझा दात पडला.’

‘दुखलं का गं बाळा?’ काकूंनी मास्तरांना विचारलं.

मास्तर फोनमध्ये ऐकत राहिले.

‘थोडं दुखलं,’ ते म्हणाले.