चौदा नंबरची शेळी

बक्कल तुटलं म्हणून बाबांनी चौदा नंबरच्या शेळीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि दुरुस्तीसाठी सदऱ्याच्या खिशात टाकला. एवढंच निमित्त झालं.

बाबांच्या शेतात सगळं थोडं थोडं होतं. वीस कोंबड्या, पंधरा शेळ्या, भाजीचे वाफे, मधाच्या चार पेट्या. आई गेल्यावर हा पसारा एकट्याने कसा रेटणार, म्हणून परगावच्या लेकीने जिथे तिथे यंत्रं बसवून दिली. वाफ्यांची ओल, पेट्यांचं वजन, गळ्यातल्या पट्ट्यांवरून शेळ्यांची हालचाल, सगळं तिला बसल्या जागी मोबाइलवर दिसायचं. त्यामुळे ‘काय चाललंय?’ असं विचारायला फोन करायचं कारणच उरलं नाही. (वाफा कोरडा पडला की दोघांचे मोबाइल वाजत. बाबांचा घसा कोरडा पडला तर बाबांचं बाबा बघत.)

त्या दिवशी मात्र फोन आला.

“बाबा, चौदा नंबर स्वयंपाकघरात काय करतेय?”

“चहा,” बाबा म्हणाले.

लेक हसली. बोलता बोलता वीस मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी बक्कल नीट झालं, पण पट्टा पुन्हा खिशातच गेला. (शेळीने हरकत घेतली नाही.) बाबा मुद्दाम माळ्यावर चढून येत, न्हाणीघरात उभे राहत, आणि फोनची वाट बघत. चार दिवस तो आला. पाचव्या दिवशी आला नाही, म्हणून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

दुपारी गुरांचे डॉक्टर बॅग घेऊन दारात हजर.

“तुमच्या लेकीने पाठवलं. चौदा नंबर सकाळपासून हललेली नाही, रवंथही बंद. कुठाय?”

बाबांनी खिशातून पट्टा काढला.

डॉक्टरांनी पट्ट्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काढलेली सुई परत बॅगेत ठेवली.

“काही खाल्लंत का?”

“एकट्यासाठी कोण चूल पेटवतं.”

मग दोघांनी अंडी उकडली आणि मीठ लावून खाल्ली.

“तिला सांगू नका,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मोबाइलवर चौदा नंबरच्या नोंदीत शेरा लिहिला, ‘आजार नाही. वयोमान.’ आणि ते गेले.

थोड्या वेळाने बाबांचा मोबाइल वाजला. यंत्राचा निरोप होता, ‘चौदा नंबर. वय जास्त, दूध शून्य. कळपातून कमी करावी.’

त्याच नोंदीत खाली लेकीने डॉक्टरांना लिहिलं होतं, ‘विकून टाकू या. फक्त बाबांना हळूच सांगा, त्यांचा फार जीव आहे तिच्यावर.’