पिस्ता रंगाचं कपाट

यंदा, एकोणसत्तर साली, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) आमची सुनंदा सावद्याला माहेरी गेली आणि मी ठरवलं, ती येईपर्यंत लग्नात मिळालेलं लोखंडी कपाट नवंकोरं करून ठेवायचं. कपाट सासऱ्यांनी दिलेलं, आणि लेकीला पोचवायला देवपूरला आमच्या घरी तेच येणार होते. बारा वर्षांत त्यांनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. (निंदाही नाही. ते माझ्याकडे बघतच नसत.) यंदा बघायला लावायचंच होतं.

जळगावच्या रुपचंदशेठच्या डाळमिलच्या गोदामात रंग फवारायचं जुनं मशीन दहा वर्षं पडून होतं. ते मी घेऊन आलो. पंपातून वाटीभर तुरीची चुनी निघाली, गनची सुई जाम होती, चामडी वॉशर पापडासारखं कडक. सुई रॉकेलमध्ये, वॉशर तेलात, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बटण दाबलं. मोटर खाकरली, पंप धडधडला, टाकीचा काटा चढू लागला आणि गनमधून बारीक, सरळ वारा सुटला. मी थक्क होऊन बघत राहिलो. ज्याला ऑफिसातलं पंचिंग मशीन दुरुस्त करता येत नाही, त्या माणसाच्या हातून हे झालं होतं. मी मशीनला हात जोडले.

उजेड चांगला म्हणून भरदुपारी अंगणात कपाट रंगवलं. संध्याकाळी हात फिरवला तर किसणी.

घाबरून गल्लीतल्या निंबा पेंटरला, सगळ्यांच्या आबांना, बोलावलं. आबांनी नखाने खरवडून पाहिलं.

"भाऊ, या उनमा रंग वाटमाच सुकी जास. ही बठ्ठी भुकटी शे." म्हणजे रंग कपाटापर्यंत पोचायच्या आधी उन्हाने हवेतच सुकला होता, आणि पत्र्यावर बसली होती ती सगळी भुकटी.

रात्रीच आम्ही पॉलिश पेपरने कपाट घासून काढलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी गन घेतली. मनगट नुसतं इकडून तिकडे गेलं. ना थांबणं, ना ओघळ. मी चहा हातात धरून उभा होतो, तो प्यायचाच राहिला. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. कपाटात माझा चेहरा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन सासरे आले. कपाटासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग विचारलं, "कोणी केलं?"

"मीच," मी म्हणालो. (आबा घरी गेले होते.)

"जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. "मशीन घ्या आणि सावद्याला चला. केळीच्या वखारीला चौदा लोखंडी दरवाजे आहेत."

सध्या मी सावद्याला रजेवर आहे. चौथा दरवाजा चालू आहे. पहिले तीन सासरेबुवा स्वतः पॉलिश पेपरने घासून काढताहेत, आणि माझ्याकडे बघत नाहीत.