पुतळ्याला हात लावू नये

पुतळा एक, कॉलेजं दोन आणि तपासणी एकाच दिवशी. सकाळी धुळे, दुपारी जळगाव. संस्थेचे अध्यक्ष प्रेमराज दादासाहेब यांना यात कसलीच अडचण दिसली नाही. "धुळ्यात समिती जेवायला बसली, की पुतळा उचलायचा," ते म्हणाले. "भरीत-पुरी ठेवलीय. दोन तास कुणी उठत नाही."

हा पुतळा कुणा थोर पुरुषाचा नव्हता. रबराचा, अख्ख्या माणसाएवढा, तोंड उघडं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, त्याला श्वास कसा द्यायचा, हे शिकण्यासाठीचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कानस, करवत, वेल्डिंगच्या जोडीला हेही सक्तीचं झालं, म्हणून संस्थेनं तो घेतला. घेतला त्या दिवसापासून तो प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपावर पाटी : 'पुतळ्याला हात लावू नये.'

जळगावच्या दिपमाला मॅडमनी तो आपल्या साठ पोरांना मिळावा म्हणून चार अर्ज केले. चारही अर्जांना उत्तर एकच : "खराब होईल."

"दादासाहेब, गेल्या महिन्यात वर्कशॉपमध्ये समाधानला शॉक बसला. साठ पोरं साठ मोबाईल काढून शूटिंग करत होती. एकालाही काही येत नव्हतं!"

"मेला का तो?"

"नाही, पण..."

"मग? ते जाऊ द्या. आज पुतळा वेळेवर जळगावला पोचवा. समिती गेली, की दोन दिवस तुमच्या पोरांना देतो. शब्द आहे माझा."

त्या शब्दावर दिपमाला जीपमध्ये बसली. गाडी चालवायला वर्कशॉपचे लोटनभाऊ. धुळ्याच्या पोरांना दिसू नये म्हणून लोटनभाऊंनी पुतळ्यावर डोक्यापासून पांढरी चादर ओढली. पाय काही केल्या गाडीत मावेनात. ते खिडकीबाहेर राहिले.

पारोळ्यापर्यंत समोरून येणाऱ्या तिघांनी जीपला हात जोडले. लोटनभाऊंनीही मान लववून ते नमस्कार घेतले.

एरंडोलच्या अलीकडे टायर बसलं. जॅक मागच्या सीटखाली, सीटवर पुतळा. दोघांनी तो उचलून लिंबाखाली आडवा ठेवला, चादरीसकट. शेजारी केळीची पाटी घेऊन भिकुबाई बसली होती. तिनं बघितलं आणि कुणाचा पोरगा गेला म्हणून गळा काढला.

"अय माय व! कोना आंडोर शे हाऊ?"

मग काय विचारता! दोन मोटरसायकली थांबल्या, रिक्षा थांबली, एसटीची वाट पाहणारे उठून आले. एकानं लोटनभाऊंची कॉलर धरली. "दारू पिसन गाडी चालाडस का रे? उडाया ना तू याले?"

"भाऊ, रबरना शे तो! रबरना!" लोटनभाऊ ओरडत होते. असं कोण ऐकतंय? माणूस मेलेला समोर आणि हा म्हणतो रबराचा!

तेवढ्यात मागून हॉर्न वाजायला लागला. पांढरी गाडी. समिती! भरीत आवडलं नव्हतं बहुतेक. काच चार बोटं खाली आली. तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दिपमालाला कुणी ओळखलं नाही.

"काय झालंय?" समितीप्रमुखांनी विचारलं.

"मानूस पडेल शे, साहेब! गाडीमा ली चला!" भिकुबाई म्हणाली.

"मग बाजूला घ्या ना त्याला! आम्हाला उशीर होतोय."

काच वर गेली. गाडी गेली. आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण तपासायला निघालेली समिती, रस्त्यावर पडलेल्या माणसाला वळसा घालून निघून गेली.

दिपमालाचं डोकं सणकलं. तिनं चादर ओढून फेकली. पुतळ्याच्या छातीवर टिचकी मारली. "बघा! रबराचाच आहे. कुणाचा जीव चालला तर वाचवायचा कसा, ते शिकायला आणलाय."

गर्दी हिरमुसली. कॉलर सुटली. लोक पांगायला लागले. भिकुबाई मात्र पुढं सरकली.

"मंग शिकाड ना."

"मावशी, मला उशीर..."

"मना धनी आठेच पडना व्हता, याच लिंबखाले. बठ्ठा लोक उभा राहीसन देखत व्हतात. कोनलेच काही येत नव्हतं. तुले येस ना? मंग शिकाड."

दिपमालानं एकदा जळगावच्या रस्त्याकडं बघितलं, एकदा प्लास्टिककडं. मग प्लास्टिक टराटरा फाडलं.

"या इकडं सगळे. हाताचा तळवा छातीच्या मधोमध. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ. जोरात दाबायचं, भराभर, तीस वेळा. मग दोन श्वास. नीट दाबलं, तर टक वाजतं."

भिकुबाईनं पदर खोचला आणि दाबलं. टक! "वाजनं व माय!" मग रिक्षावाला, मग दोन्ही मोटरसायकलवाले, मग कॉलर धरणारा. टायर बदलून झालं, तरी रांग संपेना. पुतळ्याच्या शर्टाची दोन बटणं उडाली, तोंडाला केळं लागलं, केसांत लिंबाच्या काड्या अडकल्या.

जळगावला पोचायला तासभर उशीर झाला. वाचवलं ते सत्कारानं. समितीतल्या प्रत्येकाला शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि वर दादासाहेबांचं भाषण. मागच्या दारानं पुतळा टेबलावर पोचला, तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं.

समितीप्रमुखांनी पुतळा न्याहाळला. "हा फारच मळलाय."

दादासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"रोज वापरतो, सर," दिपमाला म्हणाली.

प्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि समिती गेली. मग दादासाहेब फुटले. "वाट लावली! कोण म्हणेल हा नवा आहे? दोन दिवस? दोन मिनिटं देणार नाही तुमच्या पोरांना!" त्यांनी पुतळा शाम्पूनं धुवून घेतला, नवा शर्ट घातला, नवं प्लास्टिक, नवं कुलूप. पाटी जुनीच होती, ती पुसून घेतली.

आठ दिवसांनी अहवाल आला. 'जळगाव येथील पुतळा नियमित वापरात असल्याचे दिसून आले, ही बाब प्रशंसनीय. धुळे येथील पुतळा कोराकरकरीत आढळला. तेथे प्रशिक्षण होत नसावे. सोमवारी फेरतपासणी.'

दादासाहेबांनी दिपमालाला तातडीनं बोलावलं. टेबलावर कुलपाची किल्ली होती.

"मॅडम, हा जुना करा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? वर्कशॉपमध्ये न्या. पोरांना कानस द्या, पॉलिश पेपर द्या, घासा. सोमवारी धुळ्यात तो वर्षभर वापरल्यासारखा दिसला पाहिजे. शिकवत बसू नका, नुसता जुना करा."

चार अर्ज तोंडावर फेकणारा माणूस आता वापरल्याच्या खुणा कानशीनं कोरायला सांगत होता! चांगले चार शब्द सुनवावेत म्हणून तिनं तोंड उघडलं. मग तिची नजर किल्लीवर गेली. तिनं तोंड मिटलं आणि किल्ली उचलली.

वर्कशॉपमध्ये लोटनभाऊंनी साठ कानशी काढून ठेवल्या होत्या.

"भाऊ, त्या कपाटात ठेवा," ती म्हणाली. "आणि कुलूप लावा. समाधान, तू पुढं ये. पहिला तू. तळवा मधोमध, कोपरं ताठ."

टक. टक. टक.

शनिवारी संध्याकाळी दादासाहेबांचा फोन आला. "काय मॅडम? होतोय का जुना?"

दिपमालानं रांगेकडं बघितलं. एकोणसाठ पोरांचं झालं होतं. साठावी ज्योती बाह्या वर करून बसली होती, आणि तिच्यामागं धुळ्याहून एसटीनं आलेली चाळीस पोरं उभी होती. त्यांना दिपमालानंच बोलावलं होतं.

"होतोय, सर," ती म्हणाली. "पण रबर फार चांगलं आहे. उद्याचा रविवारही लागेल."